तळातल्या सात ओळी

उस्मानपुऱ्यात ज्या सलूनमध्ये मी केस कापून घेतो, तिथला कारागीर मला दर महिन्याला एकच प्रश्न विचारतो. मानेवर वस्तरा टेकवतो आणि म्हणतो, "साहेब, खरं सांगा, तुमचा पेपर नेमका कुणाचा होता?" मला निवृत्त होऊन बराच काळ लोटला. तो पेपरही आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. प्रश्न मात्र तोच आहे. पूर्वी मी ठासून सांगायचो, "वाचकांचा." हल्ली वस्तरा मानेवरून निघेपर्यंत गप्प बसतो.

मी उपसंपादक होतो. हे पद बाहेरच्यांना नीट कळत नाही. बातमी आणतो तो वार्ताहर. त्याचं नाव गावाला माहीत असतं, त्याला लोक चहा पाजतात आणि कधी दमही देतात. सगळ्यांच्या वर संपादक असतात, त्यांना सभा-समारंभांत हार मिळतात. या दोघांच्या मधे टेबलाशी बसून आलेली बातमी वाचणारा, व्याकरण सुधारणारा, नको ते काढणारा आणि वर मथळा देणारा माणूस म्हणजे उपसंपादक. त्याचं नाव पेपरात कुठंही येत नाही. आमच्या सौभाग्यवतींच्या माहेरी कितीतरी वर्षं लोकांना वाटत होतं की मी छापखान्यात आहे.

त्यातही माझं टेबल डाक आवृत्तीचं. शहराचा अंक उशिरा निघायचा, पण खेड्यापाड्यांत जाणारा अंक संध्याकाळी सातलाच हातावेगळा करावा लागे, कारण तो पुढं गाड्यांनी जायचा. गावोगावच्या वार्ताहरांची पाकिटं दुपारच्या एसटीनं यायची. वार्ताहर पाकीट ड्रायव्हरच्या हातात द्यायचा, आमचा शिपाई बसस्थानकावर जाऊन गोळा करून आणायचा. पैठणच्या पाकिटाला कधी मासळीचा वास असायचा, कधी पाकीट ड्रायव्हरच्या डब्याखाली दबून तेलकट झालेलं असायचं. चारपासून सातपर्यंत ती पाकिटं फोडायची, वाचायची, कापायची. हे मी अठ्ठावीस वर्षं केलं.

आता तात्यांविषयी. त्यांचं नाव लिहीत नाही. आमच्या भागात ज्यांना कळायचं त्यांना कळेल, आणि ज्यांना कळणार नाही त्यांचं काही अडणार नाही. तात्या पुढारी होते, आणि त्यांच्याविषयी काहीच मत नसलेला माणूस त्या काळी मला भेटला नाही. एका घरात दोन भाऊ असले तर एक तात्यांच्या सभेला झेंडा घेऊन जायचा आणि दुसरा त्या दिवशी मुद्दाम शेतावर मुक्काम करायचा. पाणी, वीज, रस्ते यांवर तात्या इतके मुद्देसूद बोलायचे की अधिकारी वही काढून लिहून घ्यायचे. मग त्यांना काय व्हायचं कोण जाणे. सभा रंगात आली की एखाद्या समाजाविषयी असं काही बोलून जायचे की टाळ्याही पडायच्या आणि मागच्या रांगेतली माणसं उठून घरीही जायची.

मला तात्या आवडत नव्हते. हे आधीच सांगून टाकतो.

आमच्याकडे एक गृहस्थ दर महिन्याला यायचे. भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालेले मोजणीदार. त्यांचं नाव कुणी घ्यायचं नाही, सगळे त्यांना मोजणीदारच म्हणायचे. हे तात्यांचे भक्त. पेपर तात्यांवर अन्याय करतो अशी त्यांची खात्री होती. म्हणून ते महिनाभराचे अंक घेऊन बसायचे आणि तात्यांची बातमी किती, विरोधकांची किती, हे फूटपट्टीनं मोजून वहीत मांडायचे. मग ती वही काखेत मारून कचेरीत हजर. बाकीचे सहकारी त्यांना बघून चहाला पळायचे. मी मोठ्यांचा मान ठेवणारा म्हणून सापडायचो.

एकदा ते आले ते जरा पडलेल्या चेहऱ्यानं. म्हणाले, "मोजणी केली. जागा जवळपास सारखी निघाली."

मी म्हणालो, "मग पेढे द्या काका. आम्ही निर्दोष सुटलो."

"थांबा. दोन शेतं मापाला सारखी असली तरी एकात माती असते आणि एकात नुसते दगड." त्यांनी वही उघडली. "हे बघा. तात्यांचे विरोधक काय करतात? म्हणतात, सांगतात, स्पष्ट करतात. आणि तात्या? गरजतात, बरळतात, थयथयाट करतात. महिनाभरात तात्या एकदाही नुसते 'म्हणाले' नाहीत हो."

"अहो, पण तात्या गरजतातच की. तुम्ही सभा ऐकता ना?"

"मग विरोधक काय कुजबुजतात का? तेही लाउडस्पीकरवरच बोलतात."

त्यांना चहा पाजून वाटेला लावलं आणि ही गोष्ट मी नंतर कॅन्टीनमध्ये सगळ्यांना रंगवून सांगितली. खूप हसलो आम्ही. ती क्रियापदं बहुतेक माझीच होती हे हसताना माझ्या लक्षात आलं नव्हतं असं नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी पाचोडची सभा झाली.

पाचोडचे आमचे वार्ताहर रहीमभाई. बाजाराच्या रस्त्यावर त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं. त्यांचे वडील निजामाच्या राज्यात उर्दू शाळेत शिकलेले. पोलीस ॲक्शन होऊन ते राज्य गेल्यावर त्यांनी मुलाला मराठी शाळेत घातलं. त्यामुळं रहीमभाई बोलायचे आपल्या मिसळीच्या भाषेत, पण लिहायचे ते असं स्वच्छ मराठी की शहरातल्या पदवीधरांनी बघून घ्यावं. मोठ्या आखीव कागदावर, दोन ओळींत बोटभर जागा सोडून. ती जागा आम्हाला दुरुस्तीसाठी. मी एकदा त्यांना विचारलं होतं की शिवणकाम सांभाळून हे कसं जमतं. ते म्हणाले, "माप घेताना माणूस गप्प बसत नाही साहेब. आधं गाव तर दुकानातच कळतं."

सभा बाजाराच्या दिवशी झाली आणि बातमी दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीनं आली. दोन कागद होते. पहिल्या कागदावर कालव्याच्या पाण्याविषयी तात्या काय बोलले ते होतं. शेवटच्या गावांना पाणी आधी मिळालं पाहिजे, त्यासाठी त्यांनी काय काय केलं आणि पुढं काय करणार, हे सगळं नीट. दुसऱ्या कागदाच्या सुरुवातीला ते वाक्य होतं. मुसलमानांविषयीचं. ते मी इथं पुन्हा लिहीत नाही. एकदा छापलं तेवढं पुरे झालं. रहीमभाईंनी ते जसंच्या तसं, अवतरणचिन्हांत, कसलाही शेरा न मारता लिहिलं होतं. लिहिताना त्यांना काय वाटलं असेल याचा विचार मी त्या वेळी केला नाही.

आणि त्याखाली शेवटच्या सात ओळी होत्या. त्या मला पाठ आहेत.

"या वेळी पुढे बसलेले वयोवृद्ध शेतकरी कोंडिबा यांनी उभे राहून आक्षेप घेतला. दुष्काळात ज्यांनी माझी विहीर खांदून दिली त्यांना असं बोलू नका, हे बरं नव्हं, असे ते म्हणाले. सभेत काही काळ शांतता पसरली. त्यानंतर तात्यांनी, कोंडिबा, माझं चुकलं, बोललो ते मागं घेतो, असे सांगून हात जोडले. सभा शांततेत पार पडली."

मी बातमी घेतली आणि ते वाक्य उचलून अगदी वर आणलं. यात गैर काही नाही, ठळक गोष्ट आधी द्यायची हा आमच्या धंद्याचा नियमच आहे. पाण्याचा मजकूर निम्मा केला. व्यासपीठावरच्या नऊ मान्यवरांची नावं ठेवली, कारण नाव गाळलं की तो मान्यवर दुसऱ्या दिवशी फोनवर असतो. मथळा दिला, "पाचोडच्या सभेत तात्यांनी पुन्हा गरळ ओकली". बातमी अक्षरजुळणीला गेली.

सव्वासहाला जाहिरात विभागातून निरोप आला. पैठणच्या एका साडीच्या दुकानाची जाहिरात घ्यायची होती, लग्नसराईची. तेव्हा आजच्यासारखं संगणकावर पान लागत नव्हतं. मजकूर फोटोच्या कागदावर छापून यायचा आणि पान लावणारा कारागीर तो ब्लेडनं कापून मोठ्या तक्त्यावर चिकटवायचा. मी त्याच्याशेजारी उभा होतो. तो म्हणाला, "साहेब, ही पाचोडची बसत नाय. कुठनं कापू?"

मी म्हणालो, "तळातलं काढ."

त्यानं पट्टी ठेवली आणि ब्लेड ओढलं. कागदाचा तो तुकडा टेबलाखाली पडला.

जागा नव्हती हे खरं होतं. बातमी तळातून कापायची असते हेही खरं. कोणत्याही उपसंपादकाला विचारा, तो हेच सांगेल. पण त्या तळात काय आहे ते मी तासाभरापूर्वी वाचलं होतं. नऊ मान्यवरांमधले सहा काढले असते तरी त्या ओळी बसल्या असत्या. मला तसं सुचलं नाही असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगितलं. मला सुचलं होतं. तात्यांनी हात जोडले हे मला छापायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संपादकांनी जाता जाता माझ्या पाठीवर थाप मारली. वाचकांची पत्रं आली. निम्म्यांनी लिहिलं, शाब्बास, असाच निर्भीडपणा ठेवा. निम्म्यांनी लिहिलं, तुमचा पेपर विकला गेला आहे. असं समसमान झालं की आमच्या धंद्यात लोक समाधानानं झोपतात.

चौथ्या दिवशी दुपारी रहीमभाई स्वतः कचेरीत आले. ते कधी यायचे नाहीत. दुकान बंद ठेवावं लागे. अंगावर इस्त्रीचा पांढरा सदरा आणि हातात आमच्या अंकाची घडी. मी खुर्ची पुढं केली तरी बसले नाहीत.

"साहेब, एक विचारू? मी पाठवलं ते पूर्ण पोहोचलं होतं ना? की दुसरा कागद गाडीत पडला?"

"पोहोचलं होतं. का हो?"

"नाही, गावात लोक म्हणतात, रहीमनं मुद्दाम अर्धं लिवलं." मग त्यांचा आवाज जरा खाली आला. "सगळे सभेत होते ना साहेब. सगळ्यांनी कानानं ऐकलं तात्यांनी मागं घेतलं ते. आणि पेपरात ते नाही. वर नाव 'आमच्या वार्ताहराकडून, पाचोड'. पाचोडचा वार्ताहर कोण? मीच ना. म्हणतात, तो मुसलमान हाय, त्याला तात्याला बदनाम करायचंय, म्हणून गाळलं."

मी काय झालं ते विचारलं. ते सांगू लागले तेव्हाही आवाज चढला नाही. तात्यांच्या मागं फिरणारी गावातली पोरं दुकानात आली होती. मारलं-बिरलं नाही. आपापली कापडं मागितली. लग्नाची शिवायला टाकलेली, काही बेतलेली, काही तशीच. एकेकानं नाव सांगितलं आणि गठ्ठ्यातून काढून नेलं. शाळेच्या गणवेशाचं काम दर वर्षी त्यांच्याकडं असायचं, त्या हेडमास्तरांनी निरोप पाठवला की यंदा राहू द्या. कालपासून दुकानासमोरून माणसं जातात, पण आत कुणी येत नाही.

"शिव्या दिल्या असत्या तर बरं होतं," ते म्हणाले. "ते कापड परत मागणं लई वाईट साहेब. ज्याच्या बापाचं माप मी घेतलं, त्याचा पोरगा."

मग त्यांनी विचारलं, "माझे कागद आहेत का तुमच्याकडं?"

वापरून झालेले कागद आम्ही टेबलावरच्या उभ्या लोखंडी सळईत खोचून ठेवायचो आणि महिन्याच्या शेवटी रद्दीत द्यायचो. मी उठून शोधले. दोन्ही मिळाले. त्यांच्या निळ्या अक्षरांवर माझ्या लाल शाईच्या रेघा होत्या. पाण्याच्या मजकुरावर फुल्या, ते वाक्य वर नेण्याचा बाण. शेवटच्या सात ओळींवर मात्र काहीच नव्हतं, कारण त्या नंतर ब्लेडनं गेल्या होत्या.

त्यांनी कागद हातात घेऊन बघितले. "ही लाल शाई कुणाची?"

"माझी."

"आणि हे खालचं?"

"जागा नव्हती," मी म्हणालो. मग मला ते अर्धंच वाटलं. म्हणालो, "तेही मीच काढलं रहीमभाई."

ते खुर्चीवर बसले. एवढंच म्हणाले, "मैं तो पूरा लिखा था साहेब."

मी त्यांना घेऊन संपादकांकडं गेलो. आमचे संपादक वाईट माणूस नव्हते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, रहीमभाईंना चहा दिला. पण मला बाजूला घेऊन म्हणाले, "आपण चूक कबूल केली की तात्या पुढच्या दहा सभांत तो अंक फडकवणार. त्यापेक्षा तुम्ही तात्यांनाच भेटा. त्यांनी एक शब्द टाकला तर पोरं गप्प बसतील. मामला गावातल्या गावात मिटेल."

दुसऱ्या दिवशी तात्या पैठणला विश्रामगृहावर होते. मी त्यांतला दुसरा कागद घेऊन गेलो. त्यांना इतक्या जवळून मी पहिल्यांदाच बघत होतो. ठेंगणा, थकलेला माणूस, पायजम्यावर, पायाला कुणीतरी मलम चोळत होतं. मी कोणत्या पेपरचा ते सांगितलं तेव्हा हसले. "या या. शिव्या द्यायला स्वतः आलात का?"

मी सगळं सांगितलं. बातमी कशी आली, मी काय केलं, रहीमभाईंचं काय झालं. कागद पुढं ठेवला. त्यांनी चष्मा लावून शेवटच्या सात ओळी वाचल्या. दोनदा वाचल्या.

"अक्षर चांगलं हाय," ते म्हणाले.

"तात्या, तुम्ही पोरांना एक शब्द सांगा. रहीमभाईंचा यात काही दोष नाही."

"दोष नाय ते दिसतंय मला." त्यांनी मलम चोळणाऱ्याला बाहेर जायला सांगितलं. "पण साहेब, माझं ऐका. त्या दिवशी कोंडिबा उठला आन् मला लाज वाटली. खरं सांगतो. म्या हात जोडले. गाडीत बसल्यावर पोरं तोंड फुगवून बसली. तात्या नरमले म्हणून. म्या मनाशी म्हणलं, असू द्या. पेपरात येईल, चार भली माणसं म्हणतील, तात्या चुकला पर मोठा निघाला. सकाळी पेपर उघडला. काय दिसलं? गरळ."

मी खाली बघत होतो.

"तुमचा पेपर मला शिव्या देतो त्याचा मला तोटा नाय. उलट पोरं खूश झाली, म्हणाली, तात्या नरमले नव्हतेच, आन् रहीमवर चिडायला निमित्त बी गावलं. आता मी पोरांना म्हणू, रहीमच्या दुकानात जा? मंजी मी खरंच नरमलो होतो, असं मीच सांगू? एकदा सांगितलं होतं की, भर सभेत. तुम्ही कापलं."

"मी चुकलो, तात्या."

"व्हय. चुकलात." त्यांनी कागद माझ्या हातात परत दिला. "पुन्हा मी मागं घेणार नाय. काय बी बोललो तरी. फायदा नाय त्याचा."

परतीच्या गाडीत मी तो कागद उघडलाच नाही.

संपादकांना जाऊन सांगितलं की आता छापावंच लागेल. रहीमभाईंनाही विचारलं होतं, दिलगिरी कशा शब्दांत हवी. ते म्हणाले होते, "दिलगिरी नको साहेब. मी लिहिलं ते छापा, बस." दोन दिवस घासाघीस झाली. अखेर बातमी पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत जशी आली होती तशी छापली. वर चौकटीत टीप होती. वार्ताहराने पूर्ण वृत्त पाठवले होते, कार्यालयीन चुकीमुळे शेवटचा भाग राहून गेला. मी म्हणालो, "कार्यालयीन" काढा, माझं नाव घाला. संपादक म्हणाले, "उपसंपादकाचं नाव पेपरात येत नसतं, तुम्हाला माहीत आहे." मी फार ताणून धरलं नाही. तिथंही मी ताणून धरायला हवं होतं.

त्या आठवड्यात तात्यांच्या विरोधकांची पत्रं आली. पेपर तात्यांना विकला गेला, असा त्यांचा सूर होता. मोजणीदारही आले, पण वही न घेता. चौकटीवर बोट ठेवून म्हणाले, "हे कार्यालय म्हणजे कोण हो? टेबल की खुर्ची?" आणि चहा न घेता गेले.

पाचोडहून रहीमभाईंचं कार्ड आलं. "बातमी छापली, मेहरबानी. लोक म्हणतात रहीमनं कचेरीत जाऊन रडून छापून घेतलं."

मग मी बाजाराचा दिवस बघून सकाळच्या एसटीनं पाचोडला गेलो. कुणाला सांगून गेलो नाही. बाजार भरला होता. रहीमभाई दुकानात मशीनवर बसलेले, समोर कापड नाही, नुसतेच बसलेले. मला बघून उठले. मी म्हणालो, बसा तुम्ही. समोरच्या हॉटेलात पाच-सात जण चहा पीत होते. त्यांत कापड परत नेणारे दोघे होते, ते रहीमभाईंनी नजरेनं दाखवलं.

मी आयुष्यात कधी सभेत बोललेलो नाही. हॉटेलात जाऊन कागद काढला आणि म्हणालो, "मी पेपरातून आलोय. तात्यांच्या सभेची बातमी रहीमभाईंनी पूर्ण लिहिली होती. हा त्यांच्या हातचा कागद. शेवटचं मी कापलं. त्यांनी नाही. मी."

कागद हातोहात फिरला. एकानं मोठ्यानं वाचला. कोंडिबाचं नाव आलं तसे दोघं-तिघं हसले. कुणीतरी म्हणालं, "बरूबर हाय, असंच झाल्तं."

मग ज्यानं वाचला तो, चांगला धिप्पाड तरुण, मला म्हणाला, "तुमचं नाव काय साहेब?"

मी सांगितलं. "कुलकर्णी."

त्यानं इतरांकडं बघितलं. ते माझ्याकडं बघायला लागले. मी शिव्यांची तयारी ठेवून आलो होतो, कदाचित एखाद्या थपडेचीही. तो म्हणाला, "कुलकर्णी व्हय? मग काय, जागा नसंल."

दुसरा म्हणाला, "व्हतं असं. पेपरात लई गर्दी असती." आणि हॉटेलवाल्याला हाक मारली, "साहेबास्नी एक चहा दे रं."

एवढंच. माझ्यावर कुणी चिडलं नाही. ज्या सात ओळींपायी रहीमभाईंच्या दुकानातून कापडं उचलली गेली, त्याच सात ओळी माझ्या नावावर आल्या तेव्हा जागेची अडचण ठरल्या. मी म्हणालो, "जागा होती. मी मुद्दाम कापलं." ते ऐकून सगळे मोकळेपणानं हसले, जणू मी गंमत केली. रस्त्यापलीकडं रहीमभाई दारात उभे होते. बोलणं त्यांच्यापर्यंत पोहोचत होतं. त्यांनी आत वळून मशीनवरची धूळ पुसायला घेतली.

तो चहा मी प्यायलो. न पिता निघून यायला हवं होतं का, याचा निकाल अजून माझ्याकडून लागलेला नाही.

गिऱ्हाइकं परतली. कोंडिबांनी त्याच दुपारी, माझ्यादेखत, नवं कापड आणून रहीमभाईंपुढं टाकलं आणि हात पसरून मापाला उभे राहिले. ते गावात मान असलेले गृहस्थ. त्यांच्यामागून एकेक जण आला. कापड परत नेणारे दोघेही लग्नसराई संपायच्या आत आले, असं मी ऐकलं. शाळेचं काम मात्र त्या वर्षी गेलं ते गेलं.

रहीमभाईंनी बातम्या पाठवणं सोडलं नाही. बाजार, पाऊसपाणी, शाळेचा निकाल, विहिरीत पडलेला बैल, सगळं येत राहिलं, तसंच बोटभर जागा सोडून. फक्त तात्यांच्या सभेची बातमी त्यांनी पुन्हा कधी लिहिली नाही. त्या वेळी आम्हाला इथून दुसरा माणूस पाठवावा लागे. आणि तात्यांनी विश्रामगृहावर सांगितलं होतं तसंच केलं. पुढं ते याहून वाईट बोलले, वरच्या पदावर गेले, पण मागं काही घेतलं नाही. लोक म्हणतात, तात्या मुळातच तसे होते. असतीलही. मी ते इतक्या खात्रीनं म्हणू शकत नाही.

पाठवलेला माणूस परत आला की मी त्याला विचारायचो, पाचोडला कोण कोण भेटलं. तो दर वेळी सांगायचा की रहीमभाई सभेला होते. दुकान बंद करून, पुढच्या रांगेत, शेवटपर्यंत. मला ते कळेना. ज्या माणसाच्या तोंडून आपल्याला काय ऐकायला मिळणार हे माहीत आहे, त्याच्यासमोर दोन-दोन तास कशाला बसायचं? निवृत्त झाल्यावर एकदा पाचोडला गेलो होतो, तेव्हा त्यांना विचारलं. रहीमभाई सुईत दोरा ओवत होते. नजर कमी झालेली, दोनदा हुकला. तिसऱ्यांदा ओवला तेव्हा म्हणाले,

"एकदा मागं घेतलं होतं ना साहेब त्यांनी. परत घेतलं तर ऐकायला कुणीतरी पाहिजे."